मनगट मोडलं, पुढे काय?

(शहापूर येथील वसंत ऋतूतल्या व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



साठीची बाई न्हाणीत घसरते, हात टेकते, मनगट मोडतं. दीड महिन्यानं प्लास्टर निघतं आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. माझं म्हणणं असं, की खरा उपचार तिथून सुरू व्हायला हवा. उभ्या उभ्या पडून मोडलेलं हाड बहुतेक वेळा आधीच ठिसूळ झालेलं असतं. आज मनगट, दहा-पंधरा वर्षांनी खुबा. आणि खुबा मोडलेलं म्हातारं माणूस पुष्कळदा पुन्हा स्वतःच्या पायावर बाजारात जात नाही. मधली ही वर्षं आपण फुकट घालवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

हाड जिवंत असतं. जुनं खरवडणाऱ्या आणि नवं भरणाऱ्या पेशी त्यात जन्मभर काम करतात. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि खरवडणं वरचढ होतं. तरुणपणीच गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली, तर ही झीज कितीतरी आधी सुरू होते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये चौकशी झाली. आपलाही पट्टा उसाचाच. शस्त्रक्रियेआधी 'अंडाशयं ठेवणार ना?' एवढं तरी प्रत्येकीनं विचारावं.

आता आपल्या गल्लीत या. शहापूर, वडगाव, खासबागेत मागाच्या खोलीत कांड्या भरत दिवस जातो, अंगावर ऊन पडत नाही. हाडांना लागणाऱ्या ड जीवनसत्त्वासाठी भर दुपारचं ऊन थेट अंगावर पडावं लागतं. खिडकीच्या काचेतून आलेलं उपयोगाचं नाही. निपाणीकडे तंबाखूच्या कामातल्या कित्येकींना मशेरीची सवय. तंबाखू हाडांनाही बाधतो.

हाडं ठिसूळ होण्याचा हा आजार ओळखायचा कसा? गुडघेदुखीवरून नव्हे, ती सांध्याची झीज. ठिसूळ हाड मोडेपर्यंत दुखत नाही. साड्या विणणाऱ्या इथल्या बायकांना साडीची लांबी-रुंदी मी काय सांगणार! पण नेहमीसारखं नेसूनही निऱ्या जमिनीवर लोळायला लागल्या, तर उंची घटली का ते मोजा. भिंतीला टाचा-पाठ लावून उभ्या राहा. डोकं भिंतीला टेकत नसेल, तर मणके दबले असण्याची शंका घ्यावी. मग कंबर आणि खुब्याच्या हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन. त्यातला टी-स्कोअर हा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली आला, की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाच ठिसूळ हाडांचा आजार. शिबिरात टाचेला यंत्र लावून सांगतात तो नुसता इशारा, निदान नव्हे. उलट, खुबा किंवा मणका सहज मोडला असेल, तर आकडा बरा येऊनही उपचार लागतो.

रोज साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, पाळी गेल्यावर १२००. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. म्हणून आंबील सोडू नका. पण हाडं ठिसूळ ठरल्यावर नुसत्या कॅल्शियमवर भागत नाही, औषध लागतं. अलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. चहाबरोबर घेतली तर गोळी अंगी लागत नाही, आणि लगेच आडवं झालं तर अन्ननलिका पोळते. झोलेड्रॉनिक आम्लाचं सलाईन वर्षातून एकदा देतात. डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी. ते मनानं थांबवलं, तर मणके एकामागून एक मोडू शकतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

पुरुषांनी निश्चिंत राहू नये. दमा, संधिवातासाठी तीन महिन्यांहून अधिक स्टेरॉइड गोळ्या चालल्या असतील, तर त्यांनीही हाडं तपासून घ्यावीत. गोळ्या मात्र एकदम बंद करायच्या नाहीत.

आणि आज घरी गेल्यावर न्हाणीची फरशी बघा. शेवाळ घासून काढा, भिंतीला धरायला दांडा बसवा, रात्री तिथला दिवा चालू ठेवा.