नव्या संगणकाची पहिली घटका

नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू वाहावे, पुढे नारळ ठेवावा आणि मगच ती वापरावयास काढावी, ही मराठी घराची जुनी रीत. संगणकही या रीतीला अपवाद ठरलेला नाही. मात्र पूजा आटोपताच घरातील तरुण मंडळी त्याची तार भिंतीत खोचतात, पडद्यावर जे जे विचारले जाईल त्याला ‘होय’ म्हणत जातात, आणि पाव तासात यंत्र चालू झाले म्हणून सर्वांना समाधान वाटते. त्या यंत्राच्या पुढील आयुष्याचे बरेवाईट पुष्कळसे या पाव तासातच ठरून जाते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

दुकानातून आलेला संगणक नवा असतो तो केवळ अंगाने. त्याच्या पोटातील प्रणाली कारखान्यात भरली गेलेली असते. त्यानंतर ते खोके गोदामात आणि दुकानाच्या फळीवर काही महिने पडून राहिलेले असते. त्या अवधीत प्रणालीतील कित्येक दोष उघडकीस येतात, त्यांवरील दुरुस्त्या प्रसिद्ध होतात, आणि दुरुस्ती प्रसिद्ध झाली म्हणजे दोष कोठे होता हे चोरांनाही कळते. तात्पर्य, विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने कोरे असलेले यंत्र चोराच्या दृष्टीने शिळे असते.

2003 सालचा प्रकार या बाबतीत फार बोधक आहे. विंडोज प्रणालीतील एका गंभीर दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्या वर्षीच्या 16 जुलैला प्रसिद्ध केली. पुरता महिनाही लोटला नव्हता, तोच 11 ऑगस्टला ‘ब्लास्टर’ नावाचा संगणक-किडा जगभर पसरू लागला. त्याला कोणी पत्र उघडावे लागत नव्हते की कोठे बोट दाबावे लागत नव्हते. यंत्र जाळ्याला जोडलेले असणे एवढेच त्याला पुरे होते. लागण झालेल्या यंत्रावर सूचना झळके, साठ सेकंदांची उलटी गणती सुरू होई, आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. खरा पेच याच्या पुढचा. दुरुस्ती आणावयाची ती इंटरनेटवरून, आणि किडा दबा धरून बसलेला तोही इंटरनेटवरच. म्हणजे औषधाचे दुकान नेमके साथीच्या पेठेत! नवा संगणक घेऊन औषधाला निघालेला माणूस वाटेतच आजारी पडे. गंमत अशी की, हा हल्ला थोपवू शकणारी संरक्षक भिंत, जिला ‘फायरवॉल’ म्हणतात, ती विंडोज एक्सपीमध्ये मुळातच होती. परंतु कारखान्यातून ती निजलेल्या स्थितीत येई आणि तिला जागे करावे हे सामान्य ग्राहकाला कोणी सांगितलेले नसे. पुढे ऑगस्ट 2004 मधील मोठ्या सुधारणेपासून ती आरंभापासूनच जागी राहू लागली.

आज परिस्थिती पुष्कळ निवळली आहे. भिंत जागी असते, घरातील राउटरही बाहेरच्या आगंतुकांना बहुधा दारातच अडवतो. तरीही क्रम तोच योग्य आहे: प्रथम भिंत जागी आहे याची खात्री, मग सुधारणा, आणि त्यानंतरच पत्रव्यवहार, बँक, चित्रपट. सुधारणा एकदा उतरवून घेतली म्हणजे भागले असेही नाही. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर आणखी काही शिल्लक निघते. ‘आता काही उरले नाही’ असे उत्तर येईपर्यंत विचारीत राहावे लागते. हे काम कंटाळवाणे खरे. पण 12 मे 2017 रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या संगणकांतील कागदपत्रे कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा त्यावरची दुरुस्ती 14 मार्चपासूनच उपलब्ध होती. जे गाफील राहिले त्यांना दोन महिन्यांचा अवसर मिळाला होता.

दुकानदाराने सलगीने ‘फुकट भरून दिलेली’ प्रणाली हा आपल्याकडील खास प्रकार. कुलूप फोडून आत शिरलेल्या पाहुण्याने घरात आणखी काय आणून ठेवले आहे, हे सांगता येत नाही. जुना संगणक घेणाऱ्याने हेही पाहावे की, विंडोज 10 चा सर्वसाधारण पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. प्रतिष्ठित कारखान्याचे यंत्रही तपासून घेणे बरे. लेनोवोच्या काही संगणकांत ‘सुपरफिश’ नावाचा जाहिरातींचा कार्यक्रम आधीच भरलेला होता, आणि त्यामुळे खोट्या बँकेला खऱ्या बँकेचे सोंग आणणे सोपे झाले होते, हे फेब्रुवारी 2015 मध्ये उघड झाले. न मागता आलेले असे कार्यक्रम पहिल्याच दिवशी काढून टाकावेत.

पूर्वी घरातील कोठीची किल्ली एकाच व्यक्तीच्या कमरेला असे, आणि तीही ती उठल्यासुटल्या वापरीत नसे. संगणकातही तसेच असावे. सर्वाधिकाराचे खाते वेगळे, आणि रोजच्या वापराचे, मर्यादित अधिकारांचे खाते वेगळे. मुलांना त्यांची स्वतंत्र खाती. परवलीचा शब्द चिन्हांनी बोजड करण्यापेक्षा लांब करावा. चिन्हांचा आणि वारंवार बदलण्याचा आग्रह धरणारी मार्गदर्शिका अमेरिकेच्या मानक संस्थेने 2004 मध्ये काढली होती. 2017 मध्ये त्याच संस्थेने तो आग्रह सोडून दिला. परस्परांशी संबंध नसलेले चारपाच शब्द उत्तम. म्हण किंवा अभंगाची ओळ मात्र घेऊ नये. जे सर्वांना पाठ असते ते चोरालाही पाठ असते.

विजेविषयी एवढेच की, तीन पायांच्या प्लगाचा तिसरा पाय मोडून तो दोन भोकांत बसविण्याचे कसब घरोघरी आढळते. ते संगणकापुरते तरी दाखवू नये.

आता एक नाजूक गोष्ट. बऱ्याच नव्या विंडोज संगणकांत तबकडीवरील सर्व मजकूर आपोआप कुलूपबंद होतो. चोरीस गेलेल्या यंत्रातून मग काही वाचता येत नाही, हे चांगलेच. परंतु त्या कुलपाला एक 48 आकड्यांची किल्ली असते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविली जाते, आणि ती तेथे आहे हे मालकाच्या गावीही नसते. यंत्राचा एखादा भाग बदलला, की पडदा ती किल्ली मागतो. कर्ता माणूस अचानक गेला आणि खात्याचा शब्द त्याच्यासवे गेला, तर लग्नाची छायाचित्रे, विम्याचे कागद, मुलांचे आवाज, सारे घरातच असून कोणालाही दिसत नाही. चोरासाठी घातलेले कुलूप विधवेच्या वाट्याला येते. म्हणून ते 48 आकडे पहिल्याच दिवशी कागदावर उतरवून घराच्या खरेदीखताशेजारी ठेवावेत, आणि तो कागद कोठे आहे हे घरातील आणखी एकाला ठाऊक असावे.

या सर्वांच्या जोडीला एक सुटी तबकडी घ्यावी. तिच्यावर कागदपत्रांची प्रत उतरवून ती संगणकापासून काढून ठेवावी. कारण खंडणीखोर कार्यक्रम जोडून ठेवलेल्या तबकडीलाही कुलूप घालतो. प्रत घेतल्यावर तिच्यातील एखादे छायाचित्र परत उघडून पाहावे.