पंखा उलटा का फिरला? डिव्हाइस ट्रीमधला एक शून्य

आजचा विषय कोरडा वाटेल, पण त्यात साठ अंडी आहेत, तेव्हा थांबा.

राहुरी तालुक्यात माझी मावशी गावरान कोंबड्या पाळते. तिच्यासाठी मी रास्पबेरी पायवर अंडी उबवायची पेटी बनवली. आत ३७.५ अंश टिकवायचे, २१ दिवस. गरम झालं की चार वायरचा पंखा जोरात, थंड झालं की हळू. एवढंच काम.

या पंख्याला वेग सांगायचा तो पल्स विड्थ मॉड्युलेशनने, म्हणजे पीडब्ल्यूएमने. सिग्नल सेकंदाला २५ हजार वेळा चालू-बंद होतो. त्यातला किती वेळ चालू, त्यावर वेग ठरतो.

आता लिनक्सला हे कळणार कसं? यूएसबीचं उपकरण स्वतःची ओळख सांगतं. चिपमधला पीडब्ल्यूएम मुका असतो. म्हणून डिव्हाइस ट्री नावाच्या फाईलमध्ये आपणच लिहून द्यायचं: काय, कुठे जोडलंय. पंख्याच्या नोंदीत 'पीडब्ल्यूएमएस' अशी एक ओळ असते. तिच्यात चार गोष्टी: कुठला कंट्रोलर, कितवा चॅनल, पिरियड आणि शेवटी पोलॅरिटी. पिरियड नॅनोसेकंदात द्यायचा, म्हणजे २५ किलोहर्ट्झसाठी ४००००. इथे लोक हर्ट्झ लिहून फसतात. मी नाही फसलो. मी फसलो शेवटच्या आकड्यात. तिथे ० लिहिला आणि पुढे गेलो.

पाय आणि पंखा यांच्यामध्ये मी एक ट्रान्झिस्टर टाकला होता. पिन वर गेली की तो पंख्याची कंट्रोल वायर खाली ओढतो. म्हणजे सिग्नल उलटा! पायने ८० टक्के म्हटलं की पंख्याला २० ऐकू येतात.

मग टेस्टिंगमध्ये सापडलं कसं नाही? वेग ० ते २५५ मध्ये देतात, आणि मी टेबलावर १२८ देऊन बघितलं. अर्धा उलटा केला तरी अर्धाच राहतो ना! पंखा छान फिरला, मी खूश.

बाराव्या दिवशी दुपारी मावशीचा फोन. "अरे, पेटी तापलीय आन् तुझा पंखा गप्प बसलाय. झाकण उघडू का?"

"उघड, मावशी, आत्ताच उघड!"

आत ३९.२ होतं. जितकं गरम, तितका पंखा हळू. माझा कोड अगदी बरोबर चालत होता, हार्डवेअरचं वर्णन खोटं होतं.

प्रोग्राममध्ये २५५ मधून वजाबाकी करूनही भागलं असतं. पण ती चूक लपवणं झालं, उद्या दुसऱ्या कुणी तोच पंखा दुसऱ्या प्रोग्रामने चालवला की पुन्हा तेच. म्हणून ० चा १ केला, म्हणजे पोलॅरिटी उलटी. फाईल डीटीसीने पुन्हा कंपाईल केली, रीबूट. ट्रान्झिस्टर तसाच ठेवला, कारण पाय बूट होत असताना पिन गप्प असते, तेव्हा पंखा पूर्ण वेगाने फिरतो. अडकलाच तर फिरता अडकलेला बरा.

आता टेस्ट ५० आणि २०० वर करतो. त्या खेपेला साठातून एकेचाळीस पिल्लं निघाली. मावशी अजून बाकीच्या एकोणिसांचा हिशोब मागते.