शस्त्रांचा भार आणि घाटाचा चढ
(शाखेच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मागच्या वर्गात एका पोस्टमन साथीने विचारले होते की, लढाऊ हेलिकॉप्टरवर इतक्या प्रकारची शस्त्रे लावता येतात, तर सगळीच का लावत नाहीत? रेल्वेवाल्यांना या प्रश्नाचे निम्मे उत्तर आधीच ठाऊक आहे. कर्जतहून लोणावळ्याला गाडी चढवायची तर बँकर इंजिने जोडावी लागतात, कारण चढ सदतीसास एक. डबे तेच असतात, पण घाट लागला की एका इंजिनाचे काम राहत नाही. हेलिकॉप्टरचेही तसेच आहे. उंचावर हवा विरळ होते, इंजिनाची ताकद घटते, पात्यांना उचल मिळत नाही. आणि तेथे बँकर लावायची सोय नाही! मग तेल कमी घ्यायचे की शस्त्रे, हा हिशेब उड्डाणापूर्वी जमिनीवरच करावा लागतो.

आता शस्त्रांकडे येऊ. अमेरिकन अपाची हेलिकॉप्टर आपल्या हवाई दलाने २०१५ च्या करारानुसार २२ घेतले. त्याच्या पोटाखाली ३० मिलिमीटरची तोफ असते आणि वैमानिक मान वळवील तिकडे ती वळते. दोन्ही बाजूंच्या आखूड पंखांखाली रणगाडाभेदी हेलफायर क्षेपणास्त्रे जास्तीत जास्त १६, किंवा ७० मिलिमीटरचे रॉकेट जास्तीत जास्त ७६. येथे ‘किंवा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जागा चारच, त्यामुळे एक चढवले की दुसरे उतरते. रणगाडे समोर असतील तर क्षेपणास्त्र, कारण ते एकेक नेम धरून मारते. खंदक किंवा मोकळ्या जागी पसरलेली फौज असेल तर रॉकेट. ते स्वस्त पडते, पण साधे रॉकेट सुटल्यावर त्याला वळवता येत नाही.

हे सगळे सपाट मैदानावर ठीक. १९९९ मध्ये कारगिलला काय झाले ते आम्हांला आजही आठवते. शत्रू डोंगरमाथ्यावर बसलेला. आपल्याकडची रशियन बनावटीची लढाऊ हेलिकॉप्टरे त्या उंचीवर काम करू शकत नव्हती. म्हणून मूळची वाहतुकीची एमआय-१७ रॉकेट लावून पाठवण्यात आली. २८ मे रोजी तोलोलिंगजवळ त्यांपैकी एक खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडले. आतले चारही जण गेले. त्या क्षेपणास्त्राला चकवण्यासाठी जे जळते फ्लेअर सोडतात, ते त्या हेलिकॉप्टरवर नव्हते. त्यानंतर ही हेलिकॉप्टरे हल्ल्याच्या कामातून काढून घेण्यात आली. शस्त्रांची यादी करताना लोक तोफ मोजतात, रॉकेट मोजतात. जीव वाचवणारे फ्लेअर मात्र मोजायचे राहतात. आमच्या मते त्या यादीत पहिला मान त्यांचा.

पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने खास डोंगरासाठी ‘प्रचंड’ तयार केले. वजन ५.८ टन, म्हणजे अपाचीहून बरेच हलके. २०१५ मध्ये चाचणीत ते सियाचेनला उतरले आणि ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूरला हवाई दलात दाखल झाले. त्यावर २० मिलिमीटरची तोफ आहे, ७० मिलिमीटरची रॉकेट आहेत आणि हवेतल्या हवेत मारा करणारे मिस्ट्रल क्षेपणास्त्र आहे. फ्लेअरही आहेत. पण तोफ आणि मिस्ट्रल दोन्ही मूळची फ्रान्सची, हे सांगितलेच पाहिजे. आपले स्वतःचे ‘हेलिना’ हे रणगाडाभेदी क्षेपणास्त्र सात किलोमीटर जाते. एप्रिल २०२२ मध्ये ते ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरवरून डागून पाहिले गेले.

मार्च २०२५ मध्ये सरकारने १५६ ‘प्रचंड’साठी ६२,७०० कोटी रुपयांचे करार केले. त्यांतली ९० सैन्याला, ६६ हवाई दलाला. काम बंगळूर आणि तुमकूरला. देशी कारखान्यांना काम मिळते याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु दारूगोळा बनवणाऱ्या कामगाराचे काय झाले तेही पाहा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या. सुमारे ७० हजार सरकारी कर्मचारी आहे त्या जागी, आहे त्याच यंत्रावर उभे राहून कागदोपत्री डेप्युटेशनवर गेले. त्यांनी संपाची हाक दिली तेव्हा ३० जून २०२१ रोजी वटहुकूम निघाला: संप केला तर तुरुंग. पुढे त्याचा कायदा झाला. तो एका वर्षाच्या मुदतीचा होता आणि मुदत संपून गेला, पण तोवर कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. १९७४ चा मे महिना ज्यांनी पाहिला, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

२४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार ठार झाले. ती माणसे आघाडीवर नव्हती, आपल्या शिफ्टला आली होती. दारूगोळ्याच्या वॅगनला लूज शंटिंग करायचे नाही, हा नियम आपण पाळतो कारण त्यात काय भरले आहे ते आपल्याला माहीत असते. ते भरणारे हात भंडारा, वरणगाव, भद्रावती, अंबाझरीचे आहेत, आणि ५६ किंवा ९९ एपीओच्या पत्त्यावर जाणारे टपाल वर्गीकरणाच्या टेबलावर तुमच्याच हातून जाते.

त्या साथीने दुसरा एक प्रश्न विचारला होता, अपाची चांगले की प्रचंड? आम्ही वैमानिक नाही. पण लडाखला जायचे तर चढाचा विचार करून बांधलेले घ्यावे, आणि वाळवंटात रणगाडे अडवायचे तर जास्त भार वाहणारे. बाकीचे प्रश्न चहानंतर घेऊ.