काट्याला धर्म नसतो
(जुने शहर, अकोला येथील बैठकीतील भाषण)



बैठकीआधी काही मंडळींनी विचारले, "धर्माच्या भानगडीत आपण कशाला पडायचे? कापसाच्या भावाचे बोला." आम्ही भावाचेच बोलणार आहोत. पण दंगल पेटली की भावाचे बोलणे कोणी ऐकत नाही, म्हणून सुरुवात तिथून करतो.

१३ मे २०२३ च्या रात्री याच जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दगडफेक झाली, वाहने जळाली, एक माणूस जिवानिशी गेला. मे म्हणजे बियाणे, खत आणि पीककर्जाची धावपळ. त्याआधी १२ नोव्हेंबर २०२१ ला अमरावतीत त्रिपुरातील घटनांच्या निषेधाचा मोर्चा निघाला आणि दुकानांवर दगड पडले. दुसऱ्या दिवशी बंदच्या नावाखाली दुसऱ्या बाजूने तेच केले. संचारबंदी आली, इंटरनेट बंद झाले. ते दिवस वेचणीचे होते. हिशेब मांडा, नुकसान कोणत्या धर्माचे झाले?

अकोल्याच्या दंगलीतले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या वेळी सतरा वर्षांच्या असलेल्या एका मुसलमान मुलाचे म्हणणे असे, की त्याने खून होताना पाहिला, त्यालाही मारले, आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही. मेलेला माणूस हिंदू होता. मुसलमानाची ऑटोरिक्षा चालवीत होता म्हणून त्याला मुसलमान समजून मारले, असा याचिकेतला दावा आहे. खरे-खोटे तपासात ठरेल. पण जमाव माणूस पाहत नाही, खूण पाहतो, एवढे आपण सगळे जाणतो.

११ सप्टेंबर २०२५ ला न्यायालयाने सांगितले, की वर्दी चढवली की पोलिसाने धर्म-जातीचा कल बाजूला ठेवला पाहिजे. तपासासाठी हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांतले वरिष्ठ अधिकारी घेऊन पथक नेमा, असाही आदेश दिला. राज्य सरकारने फेरविचार मागितला आणि नोव्हेंबरात त्यावर दोन न्यायमूर्तींचे मत वेगळे पडले. अधिकाऱ्याचा धर्म पाहून नेमणूक करणे हेच धर्मनिरपेक्षतेला सोडून नाही काय, असा प्रश्न निघाला. प्रश्न खोटा नाही.

आमचे उत्तर बाजारातले आहे. काट्यावर कापूस चढला की तो हिंदूचा की मुसलमानाचा, हे काट्याला कळत नाही. कळायला लागले की समजा, काटा मारला. धर्मनिरपेक्षता म्हणतात ती एवढीच. देव सोडा असे ती सांगत नाही. सरकारचा काटा सरळ ठेवा, एवढेच सांगते. आणि काट्यावरचा भरवसा उडाला तर आपण काय करतो? शेजारी आपला माणूस उभा करतो. तो कायमचा इलाज नाही. कायमचा इलाज सरळ काटा हाच. पण भरवसा उडालेला असताना "आपला माणूस कशाला?" असे विचारणारा अडत्याच्याच बाजूचा असतो.

राहिली गोष्ट धर्माची. पंजाबराव देशमुखांनी ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहिला, आणि १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून तेच उभे राहिले. धर्म जाणणारा माणूस दार उघडा म्हणतो. श्रावणात पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन राजराजेश्वराला जाणाऱ्या कावडीला वाट मिळालीच पाहिजे, मोहरमच्या मिरवणुकीलाही मिळाली पाहिजे. दुसऱ्याच्या दारासमोर थांबून डिवचणे मात्र ना भक्ती, ना इबादत. कोणी पैगंबरांची वा देवाची निंदा केली तर लेखी तक्रार द्या, कायदा आहे. रस्त्यावर उतरलेला दगड दोघांचाही शत्रू.

मुसलमानांना "सहन करा" असे आम्ही म्हणणार नाही. सहन करायची ती नापिकी. शेजाऱ्याशी व्यवहार करायचा, भांडण झाले तर मिटवायचे. आपला कापूस पिंजणारा पिंजारी कोण होता, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

आता भाव. १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढून टाकले. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला होता. खरेदी केंद्रावर मात्र आर्द्रता ८ टक्क्यांवर गेली की कपात आणि १२ वर गेली की गाडी परत. बोंडअळी, आर्द्रता, आयात, तिघींनी कोणाचे नाव विचारले?

म्हणून गावोगाव एवढे करा. मोबाईलवर भडकाऊ मजकूर आला की तो पुढे न पाठवता दोन्ही मोहल्ल्यांतली चार शहाणी माणसे त्याच रात्री एकत्र बसवा. पोरांना घरी ठेवा. आणि खरेदी केंद्रावर जायचे त्या दिवशी दोन्ही मोहल्ल्यांच्या गाड्या एका रांगेत लावा.