हरपलेला स्नायू

बोट कापले, पोटरी मुरगळली, धावताना मांडीतील चार तंतू तुटले, तर शरीर ती हानी निमूटपणे भरून काढते. स्नायुतंतूंच्या कडेला चिकटून काही लहानशा पेशी एरवी निद्रिस्त असतात. १९६१ साली अलेक्झांडर माउरो यांना त्या बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या आणि त्यांनी त्यांना उपग्रह-पेशी हे नाव दिले. इजा होताच त्या जाग्या होतात, संख्येने वाढतात आणि एकमेकींत मिसळून नवा तंतू घडवितात.

परंतु सुरुंगाच्या स्फोटात अथवा मोटारीच्या अपघातात स्नायूचा लचकाच निघून गेला, तर त्या पेशींबरोबर त्यांचा आधारही जातो. ती पोकळी शरीर व्रणाच्या चिवट धाग्यांनी बुजविते. जखम भरून येते, पाय मात्र उचलत नाही; कारण व्रणाला स्नायूसारखे आकुंचन पावणे ठाऊक नाही.

वेलीला मांडव द्यावा, तसा पेशींना आधार देण्याची कल्पना येथूनच निघाली. पिट्सबर्ग विद्यापीठातील स्टीफन बॅडिलॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या मूत्राशयाच्या भित्तीतील पेशी काढून टाकल्या आणि मागे उरलेली प्रथिनांची जाळी रुग्णांच्या जखमेत बसविली. जाळी हळूहळू विरते आणि विरता विरता शरीरातील पेशींना त्या जागी बोलावून घेते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तान्तात पाच रुग्ण होते. पैकी तिघांची हालचाल सुधारली. हे पाचही जण आधी व्यायामोपचार घेऊन थकलेले होते, त्यामुळे हा आकडा दिसतो तितका क्षुल्लक नाही. तरीही प्राण्यांवरील प्रयोगांत काही संशोधकांना अशा जाळीवर स्नायूपेक्षा व्रणच अधिक आढळला, हेही सांगितले पाहिजे. सुधारणेचे श्रेय जाळीचे किती आणि शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामाचे किती, हा वाद त्यातूनच निघाला.

ड्यूक विद्यापीठातील नेनाद बुर्साक यांची वाट निराळी. त्यांनी प्रयोगशाळेतच स्नायू वाढविला. सापाच्या विषातील द्रव्याने तो मुद्दाम दुखावला, तेव्हा तो आपला आपण सावरला! पुढच्याच वर्षी, २०१५ साली, मानवी पेशींपासून वाढविलेला स्नायू विजेच्या स्पर्शाने आकुंचन पावला.

मांडीएवढा स्नायू वाढविणे मात्र अजून साधलेले नाही. रक्तवाहिनीपासून केसाच्या जाडीच्या दोन-तीन पटीहून दूर पडलेली पेशी प्राणवायूवाचून तग धरू शकत नाही. म्हणून आत रक्तवाहिन्या हव्यात. आणि मज्जातंतू येऊन जुळला नाही, तर उत्तम घडलेला स्नायूही आज्ञेची वाट पाहत रोडावत जातो.