निळी-पांढरी ‘स्टाईल’ आणि पुराचं गाव

कुरुंदवाडातून बोलतोय. इअरफोन लावून ऐकत असाल तर उत्तमच. वाचत असाल तर हा त्याच भागाचा मजकूर आहे, बोललो तसाच, थोडा नीट करून.

आजचा विषय निळ्या-पांढऱ्या टाइल्स. बाथरूममधल्या आणि स्वयंपाकघरातल्या. घर सजवायचे रील बघणाऱ्यांच्या फोनमध्ये असा एक तरी फोटो सेव्ह असतोच. पांढरा कट्टा, मागं निळ्या नक्षीची भिंत, कोपऱ्यात एक मनी प्लांट. आपल्याकडं अजून बरीच मंडळी टाइलला ‘स्टाईल’ म्हणतात. “बाथरूमला स्टाईल बसवली का?” मला तो शब्द चुकीचा वाटतच नाही. शेवटी बसवायची ती स्टाईलच असते.

पण आपला प्रश्न पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यापेक्षा वेगळा आहे. पंचगंगा आपल्या दारातून जाते आणि थोडं पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वाडीत देवळात पाणी शिरलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक स्नानाला जातात. तेच पाणी आणखी चढलं की आपल्या घरात येतं. २००५ ला आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला परत आलं. त्यामुळं इथं टाइल निवडताना “कशी दिसेल?” एवढं विचारून भागत नाही. पाणी येऊन गेल्यावर त्यातलं काय राहील आणि काय परत करावं लागेल, हेही विचारायला लागतं. कारण पुरानंतरचं घर बहुतेक वेळा उसन्या पैशानं किंवा मोडलेल्या सोन्यानं उभं राहतं. तो पैसा दुसऱ्यांदा येत नाही.

आधी थोडं मागं जाऊ. मग आपल्या भिंतीकडं येऊ.

निळाच रंग का? लाल-पांढऱ्या, हिरव्या-पांढऱ्या टाइल्स एवढ्या का दिसत नाहीत? याचं उत्तर भट्टीत आहे. चिनी मातीची भांडी १२०० अंश सेल्सिअसच्या वर भाजतात. एवढ्या आचेत बहुतेक रंग जळतात नाहीतर उडून जातात. कोबाल्ट नावाच्या धातूपासून मिळणारा निळा मात्र टिकतो. १४व्या शतकात चीनमधल्या जिंगडेझेनच्या कारागिरांनी इराणकडून आलेला कोबाल्ट वापरून पांढऱ्या भांड्यांवर निळी नक्षी काढली आणि जग त्याच्या मागं लागलं. म्हणजे निळा-पांढरा ही जोडी आवडीच्या आधी आगीनं निवडलेली आहे.

आपल्यालाही ही जोडी परकी नाही. आपल्या आज्या चुन्यात नीळ टाकून भिंती सारवायच्या. पांढऱ्या धोतराला नीळ द्यायच्या. पांढऱ्यातला पिवळटपणा निळ्यानं मारला जातो आणि पांढरं आणखी पांढरं दिसतं. टाइलमध्येही डोळ्याला तेच होतं.

आता हॉलंड. १७व्या शतकात डेल्फ्ट आणि आजूबाजूच्या गावांत चिनी भांड्यांसारखी दिसणारी निळी-पांढरी भांडी आणि टाइल्स बनायला लागल्या. साधारण पाच इंची चौकोनी टाइल, त्यावर एखादं जहाज, एखादं पोरगं खेळताना, एखादं फूल. ती लावायचे कुठं? सगळ्या भिंतीभर लावणं सगळ्यांना परवडायचं नाही. सामान्य घरात भिंतीच्या तळाशी एक ओळ, चुलीभोवती थोड्या, तळघरात थोड्या. कारण तो देशच पाण्यात. भिंतींना खालून ओल, त्यात रोज फरशी पुसायची, आणि त्या फडक्याच्या पाण्यानं चुना निघायचा. म्हणून तळाला टाइल. फोनवर व्हर्मीरचं दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र काढून बघा. साधारण १६६० मधलं आहे. साधं स्वयंपाकघर, खिळे ठोकलेली, डाग पडलेली पांढरी भिंत, आणि अगदी खाली जमिनीलगत निळ्या टाइल्सची एकच ओळ. आपल्यासारख्याच ओल असलेल्या मुलखात, कमी पैशात, जिथं गरज तिथंच लावलेली सजावट.

आणि आपल्या जवळचं बघायचं असेल तर गोवा. पणजीला इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या इमारतीत शिरलं की समोर निळ्या-पांढऱ्या टाइल्सची मोठी चित्रं दिसतात. पोर्तुगीज कलाकार जॉर्ज कोलासो यांची, कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग. ह्या टाइलला पोर्तुगीजमध्ये ‘अझुलेजो’ म्हणतात. हा शब्द निळ्या रंगावरून आला असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तो मूळ अरबी, घोटलेल्या गुळगुळीत दगडावरून आलेला. पणजीतच फोंतेन्हासच्या गल्ल्यांतून फिरा. घराच्या दारावर नावाची एक छोटी टाइल, घर नंबराची एक टाइल. एवढ्यानं घर उठून दिसतं. पुढच्या वेळी गोव्याला गेलात की बीचवर जायच्या आधी अर्धा तास तिथं घालवा.

बरं, आता कुरुंदवाडला परत. दुकानात गेलात की दुकानदार तीन टाइल्स समोर ठेवतो. लाइट, डार्क आणि हायलायटर. खाली डार्क, मधे हायलायटर, वर लाइट. ही पद्धत आपण उलटी करायची. पुराच्या घरात खालचा भाग साधा पांढरा ठेवायचा आणि निळी नक्षी वर घ्यायची.

का ते सांगतो. पाण्यानं टाइल खराब होत नाही. खराब होतं ते तिच्या मागचं. भिंत पाणी पिते, वाळताना लोणा बाहेर येतो, आणि खालच्या ओळी सुटायला लागतात. नळाचं काम काढलं तरी खालच्याच टाइल फुटतात. साधी पांढरी टाइल पाच वर्षांनी कुठल्याही दुकानात मिळते. तुमच्या आवडीची निळी नक्षी मिळत नाही. आपल्याकडं येणाऱ्या बऱ्याचशा टाइल्स गुजरातच्या मोरबीच्या. तिथं सारखी नवी डिझाइन निघतात आणि जुनी बंद होतात. जाता जाता सांगतो, मोरबीलाही पाण्याची ओळख करून द्यायला नको. ११ ऑगस्ट १९७९ ला मच्छू नदीवरचं धरण फुटून ते गाव बुडालं होतं.

आता हिशोब. पाच बाय सात फुटांचं बाथरूम धरा. चारी भिंती मिळून २४ फूट, त्यातून अडीच फुटाचं दार वजा, राहिले साडेएकवीस फूट. १२ बाय १८ इंचाची टाइल आडवी लावली तर सात फूट उंचीत सात ओळी बसतात. एका ओळीला १५-१६ टाइल्स. म्हणजे एकूण ११० च्या आसपास. त्यातली एकच ओळ, खालून पाचवी, डोळ्यासमोर येणारी, निळ्या नक्षीची घ्या. महागाच्या टाइल्स फक्त १६, आणि वर चार जादा. ह्या चार जादा टाइल्स कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवायच्या. बॉक्सवरचा बॅच नंबर आणि शेड नंबर यांचा फोटो काढून ठेवायचा. एकाच डिझाइनच्या दोन बॅचचा निळा वेगळा निघू शकतो, म्हणून बसवायच्या आधी सगळे बॉक्स उघडून उन्हात शेजारी शेजारी ठेवून बघा.

स्वयंपाकघरात आठ फुटांचा कट्टा असेल आणि मागं दोन फूट उंच टाइल लावायची असेल, तर आठ इंची चौकोनी नक्षीच्या टाइल्स लागतात ३६. परवडणारं आहे. पण एक लक्षात घ्या. टाइल छोटी तितके जॉइंट जास्त. गॅसच्या मागं रोज फोडणी उडणार. तेल-हळद टाइलवरून पुसली जाते, सिमेंटच्या जॉइंटमधून जात नाही. सहा महिन्यांत पांढरे जॉइंट पिवळे. म्हणून गॅसच्या मागं तरी इपॉक्सी ग्राउट भरून घ्या. महाग पडतं, पण पाणी आणि डाग दोन्ही पीत नाही. सगळ्या घराला नको, गॅसमागं आणि शॉवरखाली पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुठल्या रीलमध्ये नसतं. घाई करू नका. पूर ओसरतो ऑगस्टमध्ये, समोर गणपती, मग दिवाळी. सणाच्या आत घर नीट दिसावं असं कुणाला वाटत नाही? पण ओल्या भिंतीवर टाइल म्हणजे ओल आत कोंडणं. साधी परीक्षा आहे. भिंतीवर फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून लावा. दोन-तीन दिवसांनी बघा. आतून थेंब दिसले तर भिंत अजून वाळलेली नाही. थांबा. दिवाळीला चुना मारा, नीळ घालून मारा, आणि टाइल उन्हाळ्यात बसवा. जुनं मातीतलं बांधकाम असेल तर त्याच भिंतीला दोन्ही बाजूंनी टाइल लावू नका. एक बाजू श्वास घ्यायला मोकळी ठेवा.

मिस्त्री काम करत असताना चार गोष्टी बघा. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल सिमेंटमध्ये बसवत असतील तर ती आधी पाण्यात भिजवलेली हवी. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास पीतच नाही, त्यामुळं भिंतीवर ती नुसत्या सिमेंटनं धरत नाही. तिला अॅडहेसिव्ह लागतं. बसवून वाळल्यावर नाण्यानं टकटक करा, पोकळ आवाज आला तर तिथं माल भरलेला नाही. आणि फरशीचा ढाळ. चार फुटांना अर्धा इंच उतार न्हाणी ट्रॅपकडं हवा. बादलीभर पाणी ओतून बघा, कुठं तळं साचतंय का. हे पैसे द्यायच्या आधी करायचं, नंतर नाही.

फरशीला निळी टाइल हवीच असेल तर मॅट घ्या. चकचकीत भिंतीची टाइल जमिनीवर घालायची नाही. घरात म्हातारी माणसं असतात, ओल्या पायानं एकदा घसरलं की खुब्याचं हाड जातं. आणि गडद निळा तर नकोच. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनी आहेत, हे वेगळं सांगायला नको. बोअरचं पाणी गडद टाइलवर सुकलं की पांढरे ठिपके उठतात. पांढऱ्यावर निळी नक्षी असेल तर ते दिसत नाहीत. अंघोळीनंतर वायपर मारा. डाग पडलेच तर व्हिनेगर पाण्यात मिसळून पुसा आणि लगेच धुवा. अॅसिड ओतलं की टाइल चमकते पण सिमेंटचा जॉइंट खाल्ला जातो. आणि अॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. बंद बाथरूममध्ये जिवावर बेततं.

भाड्यानं राहणाऱ्यांसाठी एक वाक्य. निळ्या नक्षीचे स्टिकर मिळतात, स्वस्त आहेत. कपाटाच्या दाराला, फ्रिजमागच्या भिंतीला लावा. गॅसमागं लावू नका. पुराच्या पाण्यात तर ते निघणारच.

शेवटचं. हे सगळं ठरवताना आईला, आजीला विचारा. पुष्कळ घरांत अगदी काल-परवापर्यंत बायकांची अंघोळ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या मोरीत, पडदा लावून व्हायची. स्वतःचं, दार लावता येणारं बाथरूम हीच त्यांच्यासाठी मोठी गोष्ट. त्या म्हणतील, “पांढरं बरं, घाण दिसती.” त्यांचं बरोबर आहे. जी रोज घासणार तिला डाग दिसायला पाहिजे. आणि पुरानंतर गाळ काढायला पहिला खराटा हातात घेणारीही बहुतेक तीच असते. मग बाकी सगळं पांढरं तिच्या म्हणण्याप्रमाणं करा, आणि निळ्या ओळीची नक्षी कुठली, तेही तिलाच निवडू द्या. दुकानात नेऊन, हातात टाइल देऊन. फोनवरचा फोटो दाखवून नाही.

तर मंडळी, यंदा काम काढणार असाल तर आधी प्लॅस्टिकच्या कागदाची परीक्षा करा आणि काय निघालं ते व्हॉइस मेसेज करून सांगा. पुढच्या भागात पुराच्या घरातलं लाकूडकाम, म्हणजे ट्रॉल्या आणि कपाटं. तोवर काळजी घ्या, पावसाकडं लक्ष ठेवा. भेटूया!