कंपवात आणि अवधानाचा अभ्यास

लंडनचा वैद्य जेम्स पार्किन्सन यानें १८१७ सालीं कंपवातावर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्यांत सहा रुग्णांचें वर्णन आहे. त्यांपैकीं कांहीं जण त्याला रस्त्यांतच दिसले होते. हाताचा कंप, पुढें झुकलेलें शरीर आणि चालतां चालतां आपोआप धांवूं लागणारीं पावलें त्यानें इतक्या शांतपणें न्याहाळलीं कीं, पुढें ही व्याधि त्याच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली. त्याच शांतपणानें रुग्णानें स्वतःच्या शरीराकडे पाहावें, एवढाच अवधानाच्या अभ्यासाचा अर्थ आहे.

मेंदूच्या मध्यभागांतील कांहीं विशिष्ट पेशी झिजूं लागल्या म्हणजे डोपामिन हें द्रव्य अपुरें पडूं लागतें. मग ज्या हालचाली निरोगी माणूस नकळत करतो, त्या अडखळतात. सदऱ्याची गुंडी लावणें, सही करणें, अंथरुणांत कूस बदलणें, यांतलें कोणतेंच काम पूर्वीसारखें सहज होत नाहीं. १९६० नंतरच्या दहा वर्षांत लेव्होडोपा हें औषध प्रचारांत आलें आणि रुग्णांना मोठाच आधार मिळाला. परंतु रोगाची वाटचाल थांबविणारा उपाय अद्यापि हातीं लागलेला नाहीं.

या व्याधीचा मनाशीं असलेला संबंध विलक्षण आहे. गाढ झोपेंत कंप बहुधा थांबतो. मन क्षुब्ध होतांच तो वाढतो. बँकेच्या खिडकीशीं सही करावयाची असते, मागें रांग तिष्ठत असते, आणि नेमका त्याच वेळीं हात थरथरतो. पाहुण्यांसमोर कपबशी वाजते. ‘लोक पाहत असतील’ ही शंका आली कीं कंप वाढतो, आणि कंप वाढला कीं शंका बळावते. या चक्राला कंटाळून कित्येक रुग्ण घराबाहेर पडणेंच सोडतात. चिंता आणि खिन्नता हीं पुष्कळदां व्याधीचींच अंगें असतात, तें स्वभावाचें दौर्बल्य नव्हे, हें कुटुंबीयांनीं विसरूं नये. बौद्ध ग्रंथांत दोन बाणांचा दृष्टांत आहे. पहिला बाण शरीराला लागतो. त्याबद्दलच्या शोकाचा व संतापाचा दुसरा बाण मनाला लागतो. अवधानाचा उपयोग मुख्यतः या दुसऱ्या बाणासाठीं आहे.

या अभ्यासाचें मूळ बौद्ध परंपरेंतील ‘सति’ या कल्पनेंत आहे. महाराष्ट्रांत इगतपुरी येथील विपश्यना केंद्रामुळें त्याचा अनेकांना परिचय झाला. अमेरिकेंत जॉन कबात-झिन यांनीं १९७९ सालीं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेंत तो धार्मिक चौकटीबाहेर काढून रुग्णांना शिकविण्यास प्रारंभ केला. त्यांचा आठ आठवड्यांचा पाठ्यक्रम आतां अनेक देशांत चालतो.

कंपवाताच्या रुग्णाला येथें एक विशेष अडचण येते. त्याचा कंप हात स्वस्थ असतांनाच अधिक जाणवतो. म्हणून ‘स्थिर बसा’ या पहिल्याच सूचनेनें तो गोंधळतो. पण हात स्थिर करणें हा येथें हेतूच नव्हे. खुर्चीवर पाठ टेकून, पावलें जमिनीवर नीट ठेवून बसावें. डोळे मिटल्यानें अस्वस्थ वाटत असल्यास ते उघडेच ठेवावे. प्रथम श्वासाची ये-जा पाहावी. मग लक्ष हाताकडे न्यावें. थरथर कोठें सुरू होते, कोठें विरते, तिची गति कशी आहे, एवढेंच पाहावें. ती थांबवावयाची नाहीं आणि लपवावयाचीही नाहीं. मन पुढच्या काळजीकडे धांवलें तर त्याच्यावर न रागावतां त्याला परत आणावें. आरंभाला पांच मिनिटें पुरेशीं आहेत.

हेंच अवधान चालतांनाही उपयोगी पडतें. उंबऱ्याशीं किंवा वळतांना कित्येकांचे पाय एकाएकीं जमिनीला खिळतात. अशा वेळीं ओढाताण न करतां थांबावें, एक श्वास घ्यावा, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा, आणि मग एकच मोठें पाऊल जाणीवपूर्वक टाकावें. जी क्रिया आपोआप होत नाहीं, ती लक्ष दिल्यानें पुष्कळदां साधते. मात्र तोल जाण्याचा संभव असल्यास जवळ कोणीतरी असावें.

हाँगकाँग येथें सौम्य ते मध्यम अवस्थेंतील १३८ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचा वृत्तांत २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. तींत अवधानयुक्त योगाची तुलना स्नायूंना ताण व बळ देणाऱ्या व्यायामाशीं केली होती. आठ आठवड्यांच्या अभ्यासानंतर हालचालींच्या बाबतींत योग त्या व्यायामाइतकाच उपयुक्त ठरला; चिंता व खिन्नता मात्र योग करणाऱ्यांत अधिक कमी झाली. या साधनाची मर्यादा आणि त्याचें मोल, दोन्ही या निष्कर्षांत आलीं आहेत. औषधाची वेळ चुकवून ध्यानाला बसणें हा अविचार होय. आणि खिन्नता गडद होत असेल तर डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे.

शिवाय हा अभ्यास एकट्या रुग्णाचा नव्हे. घरचीं माणसें त्याची गुंडी चटकन लावून देतात, त्याचें अपुरें वाक्य पुरें करतात. त्यांत माया असते, पण घाईही असते. आणि त्या घाईनें त्याचा हात अधिकच थरथरूं लागतो. गुंडी लावावयास त्याला तीन मिनिटें लागत असतील, तर तीं तीन मिनिटें त्याला द्यावीं. घरच्यांचें अवधान तें हेंच.